सहाव्या वर्षी येणारी दाढ दुधाची नसते

रानजाई

गेल्या महिन्यात माझ्या आठ वर्षांच्या लेकीच्या दाढेवर मोठं काम करावं लागलं. ते टळू शकलं असतं. कसं, ते मला वेळेवर कुणी सांगितलं नाही, म्हणून हा धागा काढतेय.

खाली उजवीकडची दाढ दुखतेय असं ती म्हणत होती. मी म्हटलं, दुधाची असेल, पडेल आता. चार-पाच दिवसांनी ती रात्री गालाला हात लावून रडत उठली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिच्या तोंडात छोटा आरसा धरला आणि मला वाकून बघायला सांगितलं. दाढेच्या मधल्या खाचेत टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका होता, बस. पण एक्सरेत त्या ठिपक्याखाली वाटीसारखी पोकळी दिसत होती, पार नसेपर्यंत पोचलेली. आणि मग त्या म्हणाल्या, "ही दुधाची नाही. कायमची आहे, सहाव्या वर्षी आलेली."

मला हे खरोखर माहीत नव्हतं. आधीचा दात पडतो आणि त्या जागी नवा येतो, एवढंच डोक्यात. ही दाढ मात्र कुणाच्याच जागी येत नाही. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे मोकळी हिरडी असते, तिथून गुपचूप वर येते. काही पडलेलं नसतं, त्यामुळे आपलं लक्षच जात नाही.

ज्यांची मुलं पाच ते आठ वर्षांची आहेत त्यांनी आज रात्री एवढं करा. मुलाचं डोकं मांडीवर घ्या, मोबाईलचा टॉर्च लावा आणि मधल्या रेषेपासून मागे मोजत जा. पुढचे दोन, मग सुळा, मग दुधाच्या दोन दाढा. झाले पाच. त्यामागे सहावं काही दिसलं तर ती कायमची दाढ. आयुष्यभर तीच पुरवायची आहे.

दातांच्या रोजच्या काळजीबद्दल ज्याला जे नीट माहीत आहे ते इथे लिहा, ही विनंती.

कवडसा

वाचल्या वाचल्या मुलाला बोलावून मोजलं. साडेसहा वर्षांचा आहे. खाली दोन्ही बाजूंना सहावा आहे! डावीकडचा अर्धा अजून हिरडीच्या कातडीखाली आहे. ब्रश लागला की दुखतं म्हणून तो ती जागा टाळतो, हे आज कळलं. अशा अर्ध्या दाढेवर ब्रश फिरवायचा तरी कसा?

चांदणवेल

आमच्याकडे वय सात, चारही दाढा आलेल्या. मला पत्ताच नव्हता. ताई, धाग्यासाठी मनापासून आभार.

निळाई

मी दंतवैद्य आहे. रानजाई, तुमच्यासारखे आईबाबा मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी भेटतात, त्यामुळे स्वतःला दोष देऊ नका. ही गोष्ट शाळेत, दवाखान्यात, सगळीकडे आधी सांगायला हवी.

कवडसा, तुमचा प्रश्न नेमका आहे. अर्धी वर आलेली दाढ ही सगळ्यात जास्त धोक्यात असते. शेजारच्या दाढांपेक्षा तिची पातळी खाली असते. आपण ब्रश पुढेमागे सरकवतो तेव्हा तो उंच दाढांवरून जातो आणि हिच्यावर टेकतच नाही. शिवाय नुकत्या उगवलेल्या दाताचं आवरण पुरतं पक्कं झालेलं नसतं. लाळेतले क्षार मुरत मुरत ते पुढे कणखर होतं. म्हणजे सर्वात कच्च्या काळातच तिची सर्वात कमी सफाई होते.

यावर उपाय असा. मुलाला तोंड अगदी मोठं नाही, अर्धवट उघडायला सांगा, म्हणजे गाल सैल राहतो. लहान डोक्याचा, मऊ केसांचा ब्रश ओठाच्या कोपऱ्यातून आडवा आत घाला, दातांच्या रांगेला काटकोनात. केस सरळ त्या दाढेवर टेकवा आणि तिथल्या तिथे बारीक हलवा. दहा-बारा वेळा पुरे. हिरडीची कातडी हुळहुळी असेल तर हलक्या हाताने, पण सोडायचं नाही. सोडलं की तिथे अन्न साचतं, कातडी आणखी सुजते आणि दुखणं वाढतं.

या दाढांच्या खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा एक केससुद्धा तळाशी पोचत नाही. म्हणून सीलंट असतं. दाढ स्वच्छ करून, कोरडी करून खाचांवर पातळ लेप देतात आणि तो निळसर प्रकाशाने घट्ट करतात. कोरायचं काही नाही, इंजेक्शन नाही, दुखणं नाही. फक्त दाढ पुरेशी वर आलेली हवी, कारण लाळ लागली तर लेप धरत नाही. तोवर डॉक्टर फ्लोराइडचं, म्हणजे दात कणखर करणाऱ्या क्षाराचं, वार्निश लावू शकतात.

मुलं सात-आठ वर्षांची होईपर्यंत निदान रात्रीचा ब्रश मोठ्यांनी करून द्यावा. मनगट फिरवायचं कसब त्यांच्या हातात तोवर आलेलं नसतं.

कवडसा

आडवा ब्रश जमला. आणि पेस्ट किती घ्यायची? जाहिरातीत पूर्ण ब्रशभर दाखवतात.

निळाई

तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी. तीन ते सहा, वाटाण्याएवढी. मोठ्यांनाही त्याहून फार जास्त लागत नाही, फेस कितीही आला म्हणून दात जास्त साफ होत नाहीत. ट्यूबवर फ्लोराइडचा आकडा बघा, साधारण १००० ते १५०० पीपीएम असावा. मुलं पेस्ट गिळत नाहीत ना, यावर नजर हवी. कायमचे दात हाडात तयार होत असताना फ्लोराइड बरंच जास्त पोटात गेलं तर पुढे त्यांच्यावर पांढरे डाग उमटतात.

सकाळी एकदा आणि रात्री झोपायच्या आधी एकदा, दोन-दोन मिनिटं. दोन्हीतला एकच जमणार असेल तर रात्रीचा. झोपेत लाळ फार कमी सुटते, दातांना धुणारं कुणी नसतं. लहान बाळाला दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवू नये ते याचसाठी. रात्रभर ते दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहतं.

आणि ब्रश झाल्यावर फक्त थुंका. खळखळून चूळ भरू नका.

वाटसरू

चूळ भरायची नाही? हे पहिल्यांदाच ऐकतोय. तोंडात पेस्ट तशीच ठेवायची?

निळाई

हो. फेस सगळा थुंकून टाका, चव राहिली तर राहू द्या. फ्लोराइड दाताला लागून राहिलं तरच उपयोगी, आणि पाण्याची एक मोठी चूळ ते धुऊन नेते. दोन-चार दिवस विचित्र वाटतं, मग सवय होते.

तळटीप

यामागचं रसायनशास्त्र थोडं लिहितो, कारण ते कळलं तेव्हा माझ्या घरातल्या सवयी बदलल्या.

दाताचं बाहेरचं आवरण, इनॅमल, हा शरीरातला सगळ्यात कठीण भाग. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. पण ते घडवणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपतात. हाड मोडलं तर जुळतं, इनॅमलला मात्र एकदा खड्डा पडला की तो भरून येत नाही.

तोंडातले जिवाणू साखर खातात आणि आम्ल सोडतात. दाताजवळचा पीएच (आम्लपणा मोजणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधला कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर यायला लागतो. लाळ हळूहळू ते आम्ल मारते आणि निघालेले क्षार परत आत बसवते. फ्लोराइड हजर असेल तर हे परत बसणं जलद होतं, आणि नवा थर आम्लाला आधीपेक्षा चिवट असतो. ही ये-जा दिवसभर चालू असते. जाणं जास्त आणि येणं कमी झालं की कीड. सुरुवातीला नुसता खडूसारखा पांढरा डाग दिसतो, आणि तिथपर्यंतचं नुकसान मागे फिरवता येतं.

१९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन यांनी लोकांना ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरायला लावून दातावरच्या जिवाणूंच्या थराचा पीएच मोजला. काही मिनिटांत तो धाडकन खाली आला आणि वर यायला अर्धा ते एक तास लागला. आता विचार करा. एक चॉकलेट एका दमात खाल्लं तर असा एक तास. तेच चॉकलेट तुकड्या-तुकड्याने तीन तास पुरवून खाल्लं तर जवळपास चार तास दात आम्लात. साखर तेवढीच.

स्वीडनमध्ये विपेहोल्म इथल्या संस्थेत १९४० च्या दशकात नेमकं हेच तपासलं गेलं. जेवणासोबत साखर दिली तेव्हा कीड थोडीच वाढली, दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी दिली तेव्हा भराभर वाढली. हे ज्ञान आज आपण सगळे वापरतो, पण ते ज्यांच्या तोंडात मिळवलं ती माणसं मतिमंद म्हणून तिथे ठेवलेली होती. त्यांना नकार देण्याची सोयच नव्हती. हे सांगितल्याशिवाय त्या प्रयोगाचं नाव घ्यावंसं वाटत नाही.

आमच्या घरी आता गोड बंद नाही. जेवणाला लागून खायचं आणि मधल्या वेळेत पाणी प्यायचं. सिपरमध्ये ज्यूस घालून दिवसभर घोट घोट घेणं मात्र पूर्ण थांबवलं.

चांदणवेल

तळटीप, "साखर तेवढीच" हे वाक्य फ्रिजवर लिहून लावलंय.

कवडसा

आता माझं स्वतःचं. गेलं वर्षभर ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं. खालच्या पुढच्या दातांपाशी जास्त. रक्त येतं म्हणून मी तिथे ब्रश लावणंच सोडलं. दुखत अजिबात नाही. व्हिटॅमिन कमी असेल का?

निळाई

कवडसा, रक्त येतं म्हणून ब्रश सोडणं ही सगळ्यात जास्त घडणारी चूक, आणि तिची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. घासल्यामुळे हिरडीला इजा होऊन रक्त येतं असं वाटतं. बहुतेक वेळा गोष्ट उलट असते. त्या जागी जिवाणूंचा थर साचलेला असतो, त्याला तोंड द्यायला हिरडी सुजते, आणि सुजलेली हिरडी जरा लागलं तरी रक्त देते. ब्रश थांबवला की थर वाढतो, सूज वाढते, रक्त वाढतं.

१९६५ साली हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे साध्या पद्धतीने सिद्ध केलं. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनी दात घासणं बंद केलं. दहा ते एकवीस दिवसांत एकूण एक सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या.

तुमचं वर्ष झालंय, त्यामुळे आधी दाखवून घ्या. नुसती हिरडी सुजलेली असेल तर सगळं परत येतं. पण सूज खाली उतरून दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागलं असेल, तर झिजलेलं हाड परत मिळवणं फार अवघड. आहे ते टिकवायचं. हा आजार दुखत नाही, हीच त्यातली वाईट गोष्ट. दात हलायला लागेपर्यंत माणूस येत नाही. घरात कुणाला मधुमेह असेल तर विशेष लक्ष द्या. साखर वाढलेली असली की हिरड्या बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत. सिगारेट ओढणाऱ्यांना तर रक्तही कमी येतं, त्यामुळे वरवर सगळं ठीक वाटतं.

ब्रश धरताना केसांची टोकं दात आणि हिरडी मिळतात त्या रेषेवर, साधारण ४५ अंशात तिरकी टेकवा. जागच्या जागी थरथर हलवा, मग पुढच्या दोन दातांवर जा. जोर लावू नका. महिन्याभरात ब्रशचे केस फाकले तर जोर जास्त होतोय. एरवी तीन-चार महिन्यांनी ब्रश बदलावा. आणि दोन दातांच्या मधली फट ब्रशने साफ होत नाही, तिथे फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीत फिरवायचा बारीक दोरा, किंवा बारीक फटीचा ब्रश लागतो. फ्लॉस वरून खचकन खाली दाबू नका. करवतीसारखा हलवत आत न्या, मग एका दाताला कवेत घेतल्यासारखा वळवून खालीवर, नंतर शेजारच्या दाताला तसंच.

वाटसरू

स्केलिंगबद्दल एक विचारतो. वडिलांनी मशीनने दात साफ करून घेतले आणि त्यानंतर दात हलायला लागले, फटी पडल्या, गार पाणी लागायला लागलं. तेव्हापासून घरात कुणी त्या वाटेला जात नाही.

निळाई

तुमच्या वडिलांना जे जाणवलं ते खरंच जाणवलं असणार. पण कारण वेगळं आहे. दातावरचा मऊ थर काढला नाही की लाळेतल्या क्षारांनी तो दगडासारखा घट्ट होतो. वर्षानुवर्षं तो दातांच्या फटीत भरलेला असतो आणि हललेल्या दातांना एकमेकांशी बांधूनही ठेवतो. त्याखाली हाड आधीच झिजलेलं असतं. दगड काढला की झाकलेलं दिसायला लागतं. फट आधीपासून होती, दगडाने भरलेली होती. दातही आधीच सैल झालेला होता. सूज उतरली की हिरडी थोडी आवळते, मूळ थोडं उघडं पडतं, म्हणून गार लागतं. हे शिवशिवणं बहुतेकांचं काही दिवसांत कमी होतं.

मशीनची सुई कंप पावते आणि दगड फोडते, इनॅमल खरवडून नेत नाही. वडिलांचे दात आता कसे आहेत? त्यांना न्या, कृपया. लांबवल्याने दात वाचत नाहीत.

वाटसरू

दोन काढावे लागले. बाकीचे आहेत. नेतो. असं समजावून त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर.

आजोळ

आई चौऱ्याहत्तर वर्षांची. आयुष्यात कधी दाताची तक्रार नव्हती, आणि दोन वर्षांत पाच दात मुळाशी किडले. तोंड सतत कोरडं पडतं म्हणून दिवसभर गोड गोळी चघळते. आता वाचताना माझ्या लक्षात येतंय की हीच गोळी.

निळाई

अगदी बरोबर ओळखलंत. रक्तदाब, नैराश्य, ॲलर्जी यांवरच्या कितीतरी औषधांनी लाळ कमी होते, आणि लाळ कमी झाली की दातांचं रक्षणच संपतं. वयाने हिरडी खाली सरकून मुळं उघडी पडतात, आणि मुळावर इनॅमल नसतं, त्यामुळे तिथे कीड झपाट्याने धावते. औषधं आपल्या मनाने बंद करू नका, पण लिहून देणाऱ्या डॉक्टरांना तोंड कोरडं पडतं हे सांगा, पर्याय असू शकतो. गोळी बिनसाखरेची घ्या, पाण्याचे घोट जवळ ठेवा. त्यांच्यासाठी जास्त फ्लोराइडची पेस्ट लागेल का, हे दंतवैद्याला विचारा. कवळी असेल तर रात्री काढून, घासून पाण्यात ठेवायची.

चांदणवेल

एक चूक सांगते, कुणी करू नये म्हणून. दाढ ठणकत होती तेव्हा दुखण्याची गोळी मी गिळली नाही, दाढेशेजारी हिरडीवर दाबून ठेवली. अर्ध्या तासात तिथली कातडी पांढरी पडून सुटली. दाढेचं दुखणं तसंच, वर भाजल्याची आग.

निळाई

हो, गोळीने हिरडी भाजते. दुखण्याची गोळी पोटातूनच काम करते. आणि घरात उरलेलं अँटिबायोटिकही घेऊ नका. नस सुजून होणाऱ्या दुखण्यावर त्याचा उपयोग नाही. कीड दाताच्या आत बसलेली असते, ती काढावीच लागते.

मात्र सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली गळ्याकडे पसरत असेल, ताप असेल, तोंड उघडत नसेल, गिळायला किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर सकाळची वाट न बघता थेट रुग्णालयात जा. आणि तोंडातला कुठलाही व्रण किंवा चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही तर दाखवाच, दुखत नसला तरी.

मुसाफिर

खेळताना पडून दात निघाला तर काय करायचं हेही इथे असू द्या. भाच्याचा पुढचा कायमचा दात मुळासकट हातात आला होता. माझ्या बहिणीने तो फक्त वरच्या पांढऱ्या भागाला धरला, मुळाला बोट लावलं नाही. माती होती ती वाहत्या पाण्याखाली काही सेकंद धरून घालवली, घासली नाही. परत जागेवर बसवायचं तिला धैर्य झालं नाही, म्हणून कपभर गार दुधात टाकला आणि तशीच धावत दवाखान्यात गेली. पंचवीस मिनिटांत पोचले. दात बसला, तार लावली. तीन वर्षं झाली, आहे.

निळाई

तुमच्या बहिणीने सगळं अचूक केलं. अर्ध्या तासाच्या आत पोचणं फार मोलाचं. फक्त दुधाचा दात असेल तर परत बसवू नका, खालच्या कायमच्या दाताला धोका होतो.

रानजाई

दोन आठवड्यांनी परत लिहितेय. लेकीच्या दाढेच्या मुळांची टोकं अजून बंद झालेली नव्हती, म्हणून डॉक्टरांनी पूर्ण नस काढली नाही. वरचा बिघडलेला भाग काढून औषध ठेवलं आणि वर कॅप बसवली. मुळं पूर्ण वाढेपर्यंत दर काही महिन्यांनी एक्सरे. उरलेल्या तीन दाढांवर सीलंट लावून घेतलं. वीस मिनिटं लागली, ती एकदाही रडली नाही.

काल रात्री धाकट्याचं डोकं मांडीवर घेतलं. साडेपाच वर्षांचा आहे. पाच मोजले. पाचव्याच्या मागे हिरडी फुगून पांढरट दिसत होती, आणि बोट फिरवलं तर एक टोक टोचलं, अगदी बारीक. ब्रश आडवा घालून तिथे हलवला. "गुदगुल्या होतात," म्हणाला.

निळाई

आजची तारीख कुठेतरी लिहून ठेवा. महिन्यातून एकदा टॉर्च लावून बघा, आणि वरचा भाग कातडीतून पूर्ण मोकळा झाला की सीलंटसाठी दाखवा. तोवर गुदगुल्या रोज रात्री.